जबडा आणि श्वासाची वाट

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने इतिहासावरच लिहावे अशी त्यांची अपेक्षा असणार. मी मात्र जबड्याच्या शस्त्रक्रियेविषयी लिहीत आहे. त्याला कारण आपल्या वसतिगृहातील एक विद्यार्थी आहे. त्याचे नाव मी येथे देत नाही. जे जाणतात ते जाणतातच. चार वर्षांपूर्वी तो सहावीत होता. दुपारच्या जेवणानंतरचा माझा तास सुरू झाला की पाच-सात मिनिटांत त्याची मान खाली जाई. मी त्याला भिंतीशी उभे केले. तो उभ्या उभ्या झोपला. मुले हसली, आणि सांगण्यास शरम वाटते, पण मीही हसलो. सकाळच्या वंदनेलाही तो डुलक्या घेई. महिन्यातून चार-पाच वेळा त्याचे अंथरूण ओले होई, त्यावरून मुले त्याला चिडवीत. प्रगतिपुस्तकात ‘आळशी, अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा माझ्याच अक्षरातला आहे.

एका रात्री फेरीवर असताना त्याच्या खाटेशी थांबलो. मोठ्या माणसाने घोरावे तसा तो घोरत होता. मध्येच घोरणे थांबले. छाती वरखाली होत होती, पण नाकातोंडातून वारा येत नव्हता. मी मनात आकडे मोजू लागलो. अठरापर्यंत आलो आणि एक जोराचा हुंदका देऊन त्याने श्वास घेतला, कूस बदलली व पुन्हा घोरू लागला. सर्दी झाली असेल, असे समजून मी पुढच्या खोलीकडे वळलो. दिवाळीच्या सुट्टीत त्याला न्यायला आई आली, तेव्हा मी तक्रारीचा पाढा वाचला. ती बाई खाली मान घालून म्हणाली, “सर, त्याले रागावू नका. रातभर त्याचा जीव घुसमटते. मी त्याले कुशीवर करून करून थकली.” जे मी अठरा आकडे मोजूनही ओळखले नाही, ते वीटभट्टीवर राबणारी ती आई आठ वर्षे ओळखून होती.

पुढे शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. त्यातील तरुण डॉक्टरांनी मुलांना आपापली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालण्यास सांगितले. साधारणपणे प्रत्येकाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे मावतात. या मुलाच्या दातांच्या फटीत करंगळीचे टोकही जाईना. सहा वर्षांपासून तो वरणात भिजवलेली पोळी गालाच्या बाजूने आत सारून खात होता. वसतिगृहाच्या पंगतीत तो सर्वांत शेवटी उठतो, एवढेच आम्ही पाहिले होते. तिसऱ्या वर्षी तो बैलगाडीवरून हनुवटीवर पडला होता. हनुवटीची जखम शिवली गेली. कानाच्या पुढे जो जबड्याचा सांधा असतो, त्याला काय झाले हे कोणी पाहिले नाही. पुढे एका दवाखान्यात दातखीळ म्हणून टॉनिक मिळाले होते. तो सांधा हाडाने जुळून गेला होता, आणि त्यामुळे खालचा जबडा वाढायचाच थांबला होता.

जबडा लहान राहिला तर मुलाला झोप का येते? हा प्रश्न मी त्या डॉक्टरांना विचारला. त्यांनी जे सांगितले आणि नंतरच्या चार वर्षांत मी जे वाचले व रुग्णालयांच्या बाकांवर बसून ऐकले, ते येथे मांडतो.

आपण श्वासनलिका म्हणतो ती गळ्यात हाताला लागते. तिच्यात कूर्चेची कडी असतात, म्हणून ती सहसा मिटत नाही. परंतु नाकाच्या मागच्या टोकापासून स्वरयंत्रापर्यंत जी घशाची पोकळी आहे, तिला असा आधार नाही. तिच्या भिंती स्नायूंच्या आहेत. याला कारणही आहे. ही एकच पोकळी श्वासाची, घास गिळण्याची आणि बोलण्याची अशी तीन कामे करते. कडक नळीला गिळता येणार नाही. म्हणून निसर्गाने तेथे मऊ नळी ठेवली आणि ती उघडी ठेवण्याचे काम भोवतालच्या हाडांवर व जागरूक स्नायूंवर सोपवले.

ही हाडे कोणती, ते ध्यानात घेतले की पुढचे सारे समजते. जिभेचा सर्वांत मोठा स्नायू खालच्या जबड्याच्या आतील बाजूस, बरोबर हनुवटीच्या मागे, हाडाच्या एका लहानशा उंचवट्याला बांधलेला असतो. गळ्यात वरच्या बाजूस कंठास्थी नावाचे नालेच्या आकाराचे एक हाड आहे. शरीरातील इतर कोणत्याही हाडाशी त्याचा सांधा नाही. ते केवळ स्नायूंनी लोंबकळत असते, आणि त्यातील काही महत्त्वाचे स्नायू खालच्या जबड्यालाच जोडलेले आहेत. वरच्या जबड्याच्या मागच्या कडेला मऊ टाळू आणि त्याच्या टोकाशी पडजीभ असते. मऊ टाळूतून निघालेल्या स्नायूंच्या पट्ट्या घशाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतात. म्हणजे खालचा जबडा जिभेचा आणि कंठास्थीचा खुंटा आहे, तर वरचा जबडा टाळूचा.

आठवडी बाजारात दुकानदार चार बांबूंवर ताडपत्री ताणतात. बांबू बाहेर सरकवला की ताडपत्री ताठ होते आणि खाली उभे राहायला जागा होते. बांबू आत घेतला की ती पोटाने खाली येते. जबड्यांचे आणि घशाचे नाते जवळजवळ असेच आहे. जबडा पुढे असेल तर जीभ आणि टाळू पुढे ताणलेले राहतात व त्यांच्या मागे श्वासाला वाट मिळते. जबडा मागे किंवा लहान असेल तर जीभ मात्र त्या मानाने लहान होत नाही. ती मागे सरकून घशात जागा अडवते.

जागेपणी स्नायू जागरूक असतात, त्यामुळे अरुंद वाटेनेही निभावते. झोपेत स्नायू सैल पडतात. श्वास आत घेताना छाती हवा ओढते, आणि त्या ओढीने मऊ भिंती आतल्या बाजूला खेचल्या जातात. कागदाची नळी भिजून मऊ पडली असताना जोराने घोट ओढला, तर ती चपटी होते आणि पेय वर येत नाही. झोपेत घशाचे असेच होते. वाट अर्धवट मिटली की भिंती थरथरतात, त्या थरथरीला आपण घोरणे म्हणतो. पूर्ण मिटली की श्वास थांबतो. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू धोका ओळखून माणसाला क्षणभर जागे करतो, स्नायू ताठ होतात, हुंदका येतो, श्वास सुरू होतो. झोपणाऱ्याला सकाळी यातले काही आठवत नाही. मोठ्या माणसांत असा अडथळा किमान दहा सेकंद टिकला तर तो मोजला जातो. तासाला पाचांपेक्षा कमी अडथळे असल्यास काळजीचे कारण मानत नाहीत. तीस किंवा अधिक म्हणजे आजार तीव्र. मुलांच्या बाबतीत मोजमाप कडक आहे, तासाला एकाहून अधिक अडथळाही योग्य समजत नाहीत.

वाट थोडी अरुंद झाली तर एवढे काय बिघडते, अशी शंका मला होती. विज्ञानाच्या आमच्या सहकारी बाईंनी ती दूर केली. हवा संथ वाहत असेल तर नळीचा अडथळा तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या एक पंचमांशाने कमी झाली तर अडथळा सुमारे अडीचपट होतो. निम्मी झाली तर सोळापट. घसा काही शाळेच्या प्रयोगशाळेतली काचेची नळी नव्हे, त्यामुळे हे गणित तेथे तंतोतंत लागू होत नाही. तरीही जबडा काही मिलिमीटर इकडेतिकडे झाल्याने माणसाची रात्र का बदलते, हे त्यावरून कळते.

हा आजार नवा नाही, त्याची ओळख नवी आहे. चार्ल्स डिकन्सने १८३६-३७ मध्ये लिहिलेल्या पिकविकच्या कथेत ‘जो’ नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो दार ठोठावता ठोठावता झोपतो आणि वाचक हसतात. १९५६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अतिलठ्ठपणा आणि सततची झोप असलेल्या रुग्णाचे वर्णन करताना त्या पोरावरूनच आजाराला पिकविकचे नाव दिले. (डिकन्सचे वाचक आणि भिंतीशी उभ्या मुलाला हसणारा शिक्षक यांच्यात फारसे अंतर नाही.) १९७६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिस्तियन गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेत वाट मिटून श्वास अडण्याच्या या विकाराला ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ हे नाव रूढ केले. त्या काळी तीव्र आजारावर खात्रीचा इलाज एकच होता : गळ्याला पुढून छिद्र पाडून थेट श्वासनलिकेत नळी बसवणे. अडथळ्याच्या खालून वाट काढली की रुग्ण शांत झोपे, पण आयुष्यभर गळ्यात छिद्र वागवावे लागे. १९८१ मध्ये सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर मुखवटा लावून हलक्या दाबाने हवा सोडण्याची युक्ती काढली. हवेच्या दाबाने मऊ भिंती उघड्या राहतात. पहिले यंत्र त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीवर उभे केले होते. त्यालाच आज सीपॅप म्हणतात आणि मोठ्यांच्या मध्यम व तीव्र आजारात प्रथम त्याचाच विचार होतो. तथापि रोज रात्री मुखवटा लावून झोपणे अनेकांना जमत नाही. ज्या घरात विजेचा भरवसा नाही तेथे तर यंत्र असूनही उपयोग नसतो.

जबड्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास याहून जुना आहे, पण त्याचा श्वासाशी प्रारंभी काही संबंध नव्हता. १८४९ मध्ये अमेरिकेतील व्हीलिंग गावी सायमन हलिहेन या शल्यचिकित्सकाने एका तरुणीचा खालचा जबडा कापून मागे घेतला. लहानपणी भाजल्यामुळे तिच्या गळ्याची कातडी आकसली होती आणि त्या ओढीने वाढता जबडा पुढे खेचला गेला होता. विसाव्या शतकाच्या मध्यास ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी तोंडाच्या आतूनच जबडा कापण्याची पद्धत मांडली. तीत जबड्याच्या मागच्या भागाचे हाड आडवे तोडत नाहीत, तर जाडीतून उभे चिरतात. काडेपेटीचे आतले खोके बाहेरच्या आवरणातून सरकावे तसे हाडाचे दोन पापुद्रे एकमेकांवर सरकतात. जबडा पुढे घ्या किंवा मागे, हाडाला हाड भिडलेले राहते आणि जुळून येते. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. वरच्या जबड्यासाठी जो छेद घेतात, त्याला फ्रेंच शल्यचिकित्सक रेने ले फोर यांचे नाव आहे. त्यांनी १९०१ मध्ये मृतांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर तुटतात याचा अभ्यास केला होता. त्यांनी अपघाताची रेषा शोधली, पुढच्यांनी तीच शस्त्रक्रियेची रेषा केली. वरचा जबडा असा सुटा केल्यावर त्याला रक्त कोठून मिळणार, ही भीती बरीच वर्षे होती. टाळूकडील मांसल भाग जोडलेला ठेवला तर पुरेसे रक्त मिळते, हे अमेरिकेतील विल्यम बेल यांनी माकडांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. तेव्हापासून दोन्ही जबडे निर्धास्तपणे हलवता येऊ लागले. हल्ली हाडे टायटॅनियमच्या लहान पट्ट्यांनी व स्क्रूंनी बसवतात.

या सर्व काळात शस्त्रक्रियेचा हेतू होता दात जुळवणे, घास चावता येणे आणि चेहरा सुधारणे. पुढे आलेल्या खालच्या जबड्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इतिहासाच्या पुस्तकातच आहे. युरोपातील हॅब्सबर्ग राजघराण्याच्या तसबिरी पाहाव्यात : पाचव्या चार्ल्सपासून १७०० साली निपुत्रिक वारलेल्या स्पेनच्या दुसऱ्या चार्ल्सपर्यंत तोच पुढे आलेला जबडा आणि लोंबणारा ओठ. स्पेनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये अशा ६६ तसबिरी दहा जबडा-शल्यचिकित्सकांकडून तपासून घेतल्या आणि घराण्यातल्या घराण्यात होणारे विवाह व जबड्याची विकृती यांचा संबंध दिसतो असे मांडले. आपल्या वर्तुळाबाहेर विवाह न करण्याच्या हट्टाविषयी मी येथे बोलू लागलो तर लेख भलतीकडे जाईल, म्हणून जबड्याकडेच परततो.

असा पुढे आलेला जबडा मागे घेण्याची शस्त्रक्रिया पुष्कळ वर्षे सर्रास केली जाई. दात जुळत, चेहरा सुबक दिसे, रुग्ण समाधानी असे. परंतु आपण वर पाहिले त्याप्रमाणे बांबू आत घेतला की ताडपत्री खाली येणारच. जबडा मागे गेल्यावर जीभ मागे जाते, कंठास्थी खाली व मागे सरकते आणि जिभेमागची वाट अरुंद होते. १९८७ मध्ये स्टॅनफर्डच्याच रायली, पॉवेल प्रभृतींनी दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. पुढे आलेला जबडा मागे घेतल्यानंतर त्यांना झोपेत श्वास अडण्याचा आजार जडला होता. एका दुखण्यावरील इलाजाने दुसरे दुखणे आणले होते. याचा अर्थ जबडा मागे घेतलेल्या प्रत्येकाला हा आजार होतो असा नव्हे. तरुण, सडपातळ माणसाचे शरीर बरेचसे जुळवून घेते. स्नायू नव्या ठेवणीला सरावतात. पण ज्याची वाट मुळातच अरुंद आहे, जो आधीच घोरतो, ज्याचे वजन जास्त आहे किंवा ज्याचा जबडा फार मागे न्यावा लागणार आहे, त्याच्या बाबतीत धोका खरा आहे. तसेच विशीत जे शरीराने निभावले ते वजन वाढल्यावर चाळिशीत निभावेलच असे नाही.

म्हणून आता शक्य तेथे काम दोन्ही जबड्यांत वाटून घेतात. खालचा जबडा वरच्यापेक्षा दहा मिलिमीटर पुढे असेल तर सारे दहा मिलिमीटर खालचा मागे नेण्याऐवजी वरचा पाच पुढे व खालचा पाच मागे, असे काही करता येते. वरचा जबडा पुढे गेल्याने टाळूमागची वाट रुंदावते आणि खालच्याने घटवलेल्या जागेची काहीशी भरपाई होते. हे पालकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. लग्नाच्या आधी मुलीचा किंवा मुलाचा जबडा ‘आत घेण्याची’ घाई घरात चालते. मुलगा घोरतो का, दिवसा पेंगतो का, हे शल्यचिकित्सकाने विचारले नाही तर आपण सांगावे.

उलट दिशेची शस्त्रक्रिया, म्हणजे दोन्ही जबडे पुढे आणणे, हा स्लीप ॲप्नियावरचा सर्वांत प्रभावी शस्त्रक्रियांपैकी एक इलाज ठरला आहे. १९७९ मध्ये खालचा जबडा पुढे आणल्यावर झोपेचा आजार सुधारलेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, आणि पुढच्या दशकात स्टॅनफर्डच्या मंडळींनी दोन्ही जबडे एकदम पुढे आणण्याची पद्धत बसवली. सामान्यतः सुमारे दहा मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्याने टाळू, जीभ आणि कंठास्थी सारेच पुढे ओढले जातात. महत्त्वाचे असे की केवळ पोकळी मोठी होत नाही, तर बाजूच्या भिंती ताठ होतात आणि ओढीने सहज मिटत नाहीत. २०१० मध्ये अनेक अभ्यासांतील ६२७ प्रौढ रुग्णांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. तासाला सरासरी ६४ अडथळे होते ते शस्त्रक्रियेनंतर दहाच्या आत आले. शंभरातील सुमारे ८६ रुग्णांत शस्त्रक्रिया यशस्वी मानता आली. मात्र आजार पूर्ण गेला, म्हणजे तासाला पाचांपेक्षा कमी अडथळे उरले, असे शंभरात ४३ च होते. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. डॉक्टर पहिला सांगतात, रुग्णाला दुसरा ऐकायचा असतो.

वरच्या जबड्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तोंडाचे छत म्हणजे नाकाची जमीन. त्यामुळे वरचा जबडा वर उचलला तर नाकातील जागा कमी होते, आणि मधला पडदा नीट छाटला नाही तर तो वाकतो. तरीही अनेकांना शस्त्रक्रियेनंतर नाकाने श्वास अधिक मोकळा वाटतो, कारण नाकपुड्यांच्या बुडाशी रुंदी वाढते आणि नाकातील सर्वांत अरुंद जागा तेथेच आहे.

क्ष-किरणांच्या चित्रावर वाट रुंद झालेली दिसली की आपण निश्चिंत होतो. ते चित्र माणूस जागा असताना, बहुधा बसून किंवा उभ्याने काढलेले असते. मान किंचित वर केली तरी माप बदलते. खरी परीक्षा झोपेत आहे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आणि काही महिन्यांनंतर रात्रभर झोपेची तपासणी करतात. त्यात श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके आणि मेंदूच्या लहरी नोंदल्या जातात. चित्र मोठे आणि झोप तशीच, असेही घडते.

शस्त्रक्रिया सोपी नाही. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत जाते, म्हणजे जी वाट रुंद करायची तीच काही काळ अरुंद होण्याचा धोका असतो; म्हणून रुग्णाला डोके उंच ठेवून देखरेखीखाली ठेवतात. दोन्ही जबडे तारेने बांधले असतील तर खाटेशी तार कापण्याची पक्कड ठेवलेली असते. उलटी झाली किंवा श्वास अडला तर क्षणात तोंड उघडता आले पाहिजे. खालच्या जबड्याच्या आतून ओठ व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. ती ताणली गेल्याने ओठ बधिर होतो, काहींचा कायमचा. शिवाय वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे ढोबळमानाने मुलींत सोळा आणि मुलांत अठरा वर्षांपर्यंत, ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. लहान मुले घोरतात त्याचे सर्वांत मोठे कारण टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढणे हे आहे. ते आधी पाहावे. जबड्याचा विचार नंतर.

मग आमच्या सहावीतील मुलाचे काय? त्याला अठराव्या वर्षापर्यंत थांबवणे शक्य नव्हते. गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक स्रवते, आणि त्याच्या वाट्याला गाढ झोपच येत नव्हती. अंथरूण ओले होणे, वर्गात पेंगणे, उंची न वाढणे, सारे एकाच मुळातून आले होते. विभागाच्या ठिकाणच्या शासकीय रुग्णालयात त्याला नेले, तेव्हा डॉक्टरांनी दोन टप्पे सांगितले. जबड्याचा जुळलेला सांधा आधी मोकळा करावा असे कोणालाही वाटेल. पण तोंड उघडले तरी जबडा लहानच राहणार आणि रात्री जीभ मागेच पडणार. म्हणून आधी हाड लांबवायचे. रशियातील इलिझारोव्ह यांनी पायाची हाडे अशा रीतीने लांबवली होती. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी चार मुलांच्या खालच्या जबड्यावर तीच रीत वापरल्याचे प्रसिद्ध केले. हाड कापतात, दोन्ही तुकड्यांना स्क्रूचे साधन बसवतात, चार-पाच दिवस थांबतात आणि मग रोज एक मिलिमीटर या गतीने तुकडे दूर करतात. मधल्या फटीत शरीर स्वतःच नवे हाड तयार करते. घाई केली तर हाड धरत नाही, सुस्ती केली तर वेळेआधीच जुळून जाते.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच सर्वांत अवघड गोष्ट होती भूल. तोंड उघडत नाही तर श्वासनळी घालणार कोठून? भूलतज्ज्ञ बाईंनी त्याला जागे ठेवून, नाक बधिर करून, नाकातून दुर्बिणीच्या साहाय्याने नळी उतरवली. तो रडला नाही. नंतर स्क्रू फिरवण्याचे काम आईला शिकवले. सकाळी अर्धा मिलिमीटर, संध्याकाळी अर्धा. रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत राहून तिने अठरा दिवस ते केले. लिहिता येत नसल्याने ती भिंतीवर कोळशाने रेघ ओढून हिशेब ठेवी, आणि एकही वेळ चुकली नाही. दहाव्या-अकराव्या दिवशी तिने वसतिगृहात फोन केला आणि म्हणाली, “सर, रात्री मी दोनदा उठून पाह्यलं, श्वास चालू हाय का नाही म्हणून. आवाजच येत नव्हता ना.”

नवे हाड पक्के होण्यास तीन महिने गेले. त्यानंतर दुसऱ्या शस्त्रक्रियेत जुळलेला सांधा मोकळा केला. येथे घरच्यांचे आणि आम्हा शिक्षकांचे काम सुरू झाले, कारण तोंडाचा व्यायाम सोडला तर सांधा पुन्हा जुळतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि दर आठवड्याला एक वाढवायची. दुखते, मूल टाळते, रडते. रोज चार वेळा, वर्षभराहून अधिक काळ. वसतिगृहात मुलांनीच त्याची पाळी लावून घेतली. जे पूर्वी अंथरुणावरून चिडवीत, तेच काड्या मोजू लागले.

पालकांसाठी आणि वसतिगृह सांभाळणाऱ्यांसाठी एवढे नोंदवतो. मूल हनुवटीवर पडले की हनुवटीबरोबर कानापुढचा सांधाही दाखवावा. पुढचे काही महिने तोंड किती उघडते ते बोटांनी पाहत राहावे. कानातून पू येण्याकडे दुर्लक्ष करू नये, तो संसर्गही या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी पथके येतात, घोरणाऱ्या आणि पेंगणाऱ्या मुलांची नावे आपण होऊन द्यावीत. दिवसा तपासणाऱ्याला रात्रीचे कसे कळणार? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत जबड्याच्या शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. दंत म्हटले म्हणून तेथे फक्त दात काढतात असा समज असतो, त्यामुळे लोक भलत्याच दारी पैसे घालवतात.

तो मुलगा आता दहावीत आहे. पहिल्या दिवशी त्याच्या दातांत दोन काड्या जेमतेम गेल्या होत्या, आता सतरा मावतात. हनुवटी अजून थोडी डावीकडे वळलेली आहे आणि दात जुळत नाहीत. वाढ पूर्ण झाली की आणखी एक शस्त्रक्रिया लागेल, त्यापूर्वी दातांना तारा. झोपेची तपासणी दर वर्षी करावी लागते, कारण शरीर वाढते आहे आणि जबडा त्या मानाने मागे पडू शकतो. त्या प्रगतिपुस्तकातील माझा शेरा मी तांबड्या शाईने खोडला असून खाली तारीख घालून सही केली आहे. पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत आहे.